बारीक नसेतला ब्लॉक: औषधी फुगा की स्टेंट, आणि हे कुठल्या क्रमाने ठरवायचं

अँजिओग्राफी होते, डॉक्टर सांगतात की ब्लॉक आहे पण नस बारीक आहे, आणि घरातल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग फुगा बरा की स्टेंट? प्रश्नात चूक काही नाही, फक्त तो पाचव्या-सहाव्या नंबरचा आहे. सगळे तो पहिल्यांदा विचारतात, कोणीतरी "फुगाच सांगा, आत लोखंड नको" म्हणतं, दुसरा म्हणतो "फुगा जुना झाला, स्टेंटच टाका", आणि दोघंही नेमकं कुठल्या फुग्याबद्दल बोलतायत ते दोघांनाही माहीत नसतं. म्हणून खाली क्रमाने लिहितोय. वरून खाली जा, मधली पायरी गाळू नका.

⚠️ आधी एक गोष्ट. छातीत आत्ता दुखतंय, दाब येतोय, घाम फुटलाय, हातात-जबड्यात कळ जातेय, तर हा लेख बंद करा आणि अँब्युलन्स बोलवा. हार्ट अटॅक चालू असताना तुलना करत बसायची नसते, तिथे नस उघडणं हेच काम आणि ते कशाने उघडायचं हे टेबलावरचा डॉक्टर ठरवतो. पुढचं सगळं त्यांच्यासाठी, ज्यांच्याकडे विचार करायला दोन-चार दिवस तरी आहेत.

## तयारी: डॉक्टरांसमोर बसायच्या आधी काय काय गोळा करायचं

बहुतेक लोक फक्त रिपोर्टचा कागद घेऊन जातात, आणि त्या कागदावर "एलएडी ७०%, डायगोनल ८०%" (नसांची नावं आणि कुठे किती ब्लॉक) एवढंच असतं. त्यावर कोणीच नीट सांगू शकत नाही. सेकंड ओपिनियन घ्यायचं असेल तर अँजिओग्राफीचा व्हिडिओ लागतो, सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर, तो मागून घ्या.

सोबत एका कागदावर हे लिहून ठेवा:

- चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डोससकट, आणि त्यात वॉरफरिन किंवा तसली रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती सगळ्यात वर
- आधी कधी रक्तस्राव झालाय का: अल्सर, काळी शौच, मेंदूत रक्तस्राव, हिमोग्लोबिन कमी असणं
- येत्या सहा-बारा महिन्यांत कुठलं ऑपरेशन ठरलंय का (गुडघा, हर्निया, प्रोस्टेट, काहीही)
- डायबिटीस, किडनीचं क्रिएटिनिन
- आधीचे स्टेंट, कुठल्या नसेत, कधी टाकलेले
- त्रास नेमका कधी होतो: किती जिने चढल्यावर, किती चालल्यावर, बसल्या बसल्या होतो का

ऑपरेशन आणि रक्तस्रावाच्या ओळी लोक हमखास विसरतात. फुगा आणि स्टेंट यांच्यातला निर्णय जिथे काठावर असतो तिथे बऱ्याचदा ह्याच दोन ओळींनी पारडं झुकतं, त्यामुळे त्या आठवून लिहा.

## १. 'बारीक' म्हणजे नक्की कुठली बारीक?

इथे पहिला मोठा घोळ होतो. 'स्मॉल व्हेसल डिसीज' हा शब्द दोन वेगळ्या आजारांना वापरतात, आणि नेटवर शोधलं की दोन्ही एकत्र समोर येतात.

एक प्रकार म्हणजे हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या नसांपैकी ज्या बारीक असतात त्या: डायगोनल, ऑब्ट्यूज मार्जिनल, मोठ्या नसेचं शेवटचं टोक वगैरे. अँजिओग्राफीत त्या दिसतात, त्यांच्यात वायर जाते, फुगा जातो, स्टेंट जातो. दुसरा प्रकार म्हणजे हृदयाच्या स्नायूच्या आतलं जाळं, साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. ते अँजिओग्राफीत दिसतच नाही. त्याचा आजार असेल तर छातीत दुखतं आणि तरी "मोठ्या नसा क्लिअर आहेत" असा रिपोर्ट येतो. तिथे फुगाही नाही आणि स्टेंटही नाही, सगळी ट्रीटमेंट गोळ्यांचीच. तुमचा प्रकार हा दुसरा असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

पहिल्या प्रकारात 'बारीक' कितीपासून म्हणायचं यावर एकच आकडा नाही. कुठल्या अभ्यासात ३ मिमीपेक्षा कमी, कुठे २.७५ मिमी किंवा त्याहून कमी. ढोबळ मानाने २ ते २.७५ मिमी धरा. २ मिमीपेक्षाही बारीक असेल तर बहुतेक वेळा तिला हातच लावत नाहीत, कारण तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू थोडा असतो आणि उघडण्यातून मिळणारा फायदाही थोडाच.

आता दुसरा घोळ: बारीक दिसणारी नस आणि बारीक असलेली नस एकच नव्हे. वर ९०% ब्लॉक असेल तर खाली रक्त कमी जातं, दाब कमी पडतो आणि पुढची नस आक्रसते. शिवाय वायर-कॅथेटर आत फिरताना नस आखडते ते वेगळंच. म्हणून माप घ्यायच्या आधी नसेत नायट्रोग्लिसरीन सोडतात, नस सैल होते आणि मग खरी साइज दिसते. डोळ्यांनी २.२५ ठरवलेली नस इमेजिंगने, म्हणजे नसेच्या आतून चित्र घेणाऱ्या आयव्हस किंवा ओसीटीने बघितली तर २.७५ निघाली असं होतं, आणि मग सगळा हिशोबच बदलतो.

✔ तपासा: "साइज नायट्रो दिल्यावर मोजली का? नुसती नजरेने ठरवली की आयव्हस-ओसीटी केलं?" एवढा प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही. चांगला डॉक्टर यावर चिडत नाही.

## २. ही नस उघडायची गरज आहे का?

फुगा-स्टेंटच्या वादात ही पायरीच गायब होते. ब्लॉक दिसला म्हणजे उघडलाच पाहिजे असं आपल्या डोक्यात बसलंय, तुंबलेल्या नळासारखं. पण बारीक नसेतला ७०% ब्लॉक कधी कधी रक्त अडवतच नाही, कारण पुढच्या स्नायूला जेवढं लागतं तेवढं त्यातून जातंय.

हे कळायला एफएफआर नावाची टेस्ट आहे. वायरच्या टोकाला दाब मोजायचा सेन्सर असतो, ब्लॉकच्या पुढचा दाब भागिले मागचा दाब, उत्तर ०.८० किंवा त्याहून कमी आलं तर ब्लॉक खरंच आड येतोय. त्याच्या वर असेल तर साधारणपणे गोळ्यांवर ठेवतात.

स्टेबल पेशंटमध्ये, म्हणजे त्रास ठरावीक श्रम केल्यावरच होतोय आणि वाढत नाहीये अशांत, इस्केमिया नावाचा मोठा अभ्यास २०२० मध्ये छापून आला, ५१७९ पेशंटचा. त्यात आधी गोळ्यांवर ठेवलेले आणि लगेच अँजिओग्राफी करून फुगा-स्टेंट किंवा बायपासकडे नेलेले, यांच्यात हार्ट अटॅक-मृत्यूच्या एकूण हिशोबात फरक दिसला नाही. छातीतलं दुखणं मात्र ज्यांना जास्त होतं त्यांचं नस उघडल्यावर जास्त कमी झालं. (डाव्या मुख्य नसेत मोठा ब्लॉक असलेले आणि हार्टचं पंपिंग फार कमी असलेले त्यात घेतले नव्हते, त्यांना हे लागू करू नका.) मग २०२३ मध्ये ऑर्बिटा-२ आला, ३०१ पेशंट, छातीदुखीच्या गोळ्या बंद केलेल्या आणि निम्म्यांवर नुसतं नाटक, म्हणजे टेबलावर घेतलं पण नस उघडलीच नाही. खरी अँजिओप्लास्टी झालेल्यांत सुमारे ४० टक्क्यांचं दुखणं पूर्ण थांबलं, नाटकवाल्यांत १५ टक्क्यांचं. म्हणजे फायदा खरा आहे, आणि उघडूनही अर्ध्याहून जास्त लोकांना काही ना काही दुखणं राहिलं हेही तितकंच खरं.

⚠️ त्यामुळे स्वतःला सरळ विचारा: त्रास आहे का, गोळ्या पुरेशा डोसमध्ये देऊन झाल्यात का? "रिपोर्टमध्ये दिसतंय म्हणून काढून टाकू" हे बारीक नसेच्या बाबतीत सगळ्यात कमजोर कारण.

## ३. फुगा म्हणजे कुठला फुगा?

भांडणं इथेच होतात. 'फुगा' म्हणून लोक किमान तीन वेगळ्या वस्तूंबद्दल बोलत असतात.

साधा फुगा. ब्लॉकमध्ये फुगवतात, चरबीचा थर दाबला जातो-फाटतो, फुगा बाहेर. आज एकटा फारसा वापरत नाहीत कारण नस थोड्या वेळात परत आवळते आणि पुढच्या महिन्यांत आतून पेशी वाढून पुन्हा बुजते. ज्यांना "फुगा जुना झाला" वाटतं त्यांच्या डोक्यात हा असतो, आणि याच्याबद्दल ते बरोबरच आहेत.

कापणारा किंवा खरवडणारा फुगा. यावर बारीक पात्या किंवा तारा असतात, कडक ब्लॉकला चिरा पाडायला. हा तयारीचा फुगा, शेवटची ट्रीटमेंट नव्हे.

औषधी फुगा. याला डॉक्टर डीसीबी म्हणतात. वरच्या थरात पॅक्लिटॅक्सेल किंवा सिरोलिमस. नसेला टेकवून अर्धा ते एक मिनिट फुगवून ठेवतात, तेवढ्या वेळात औषध भिंतीत जातं, फुगा बाहेर येतो, मागे काही राहत नाही. पेशींची वाढ रोखायचं काम ते औषध नंतर करत राहतं.

या लेखात 'फुगा की स्टेंट' म्हणजे हा तिसरा फुगा विरुद्ध औषधी स्टेंट, म्हणजे औषधाचा थर असलेली जाळी. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, औषधी फुगा नस रुंद करायला नसतोच, तो औषध पोचवायला असतो. रुंद करायचं काम आधीचा साधा फुगा करून गेलेला असतो. हे कळलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप जागेवर बसतात.

पॅक्लिटॅक्सेलबद्दल नेटवर घाबरवणारं सापडेल. २०१८ मध्ये पायाच्या नसांच्या अभ्यासांवरून मृत्यू वाढतात अशी शंका आली होती, नंतर जास्त डेटा बघून अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) २०२३ मध्ये सांगितलं की तसं दिसत नाही.

## ४. बारीक नसेत स्टेंटचं गणित का बिघडतं

स्टेंट ही जाळी. नसेला आतून आधार देते, परत आवळू देत नाही, फाटलेलं अस्तर चिकटवून ठेवते. मोठ्या नसेत औषधी स्टेंटला तोड नाही. पण जाळीवर आतून थोडी तरी वाढ होतेच, आणि ती वाढ नस बारीक आहे म्हणून कमी होत नाही.

गणित करून बघा. समजा दोन्हीकडे भिंतीवर ०.३ मिमीचा थर चढला. ३.५ मिमीच्या नसेत २.९ मिमी वाट उरते, क्षेत्रफळाने बघितलं तर सुमारे ६९% शाबूत. तोच थर २.२५ मिमीच्या नसेत चढला तर १.६५ मिमी उरते, म्हणजे जेमतेम ५४%. एकाला काही जाणवणार नाही, दुसऱ्याला जिना चढताना परत छाती भरून येईल. त्यात जाळीच्या तारेची स्वतःची जाडी, आताच्या स्टेंटमध्ये साधारण ६० ते ८० मायक्रॉन, तीही बारीक नसेत जास्त जागा खाते.

शिवाय साइज चुकली की बारीक नसेत माफी नाही. मोठा टाकला तर काठाला नस फाटते, छोटा टाकला तर भिंतीला टेकत नाही आणि तिथे गुठळी व्हायची भीती. डायबिटीसवाल्यांच्या नसा तर लांबच लांब बारीक असतात, तिथे एकामागे एक स्टेंट लावत गेलं की पूर्ण नस धातूची होते आणि पुढे कधी बायपासची वेळ आली तर टाका घालायला मऊ जागाच उरत नाही. अशा लांब ब्लॉकमध्ये काही डॉक्टर वरच्या रुंद भागात स्टेंट आणि खालच्या बारीक भागात औषधी फुगा असं मिश्रण करतात, मला हा विचार पटतो.

आता लगेच "म्हणजे फुगाच चांगला" असं ठरवू नका. फुग्याकडे आधार देणारं काही नाही. नस फाटली, आवळली, तर तो काही करू शकत नाही.

## ५. अभ्यासांचे आकडे कसे वाचायचे

लोक एखादी हेडलाइन फॉरवर्ड करतात आणि विषय संपला. माझ्या मते चार अभ्यास समजले तरी पुष्कळ झालं.

पिकोलेटो, २०१०. बारीक नसेत औषधी फुगा स्टेंटपेक्षा इतका वाईट निघाला की अभ्यास मध्येच थांबवावा लागला. पण फुगा पहिल्या पिढीचा होता आणि बहुतेकांमध्ये आधी साध्या फुग्याने नस तयारच केली नव्हती. म्हणजे पायरी गाळली की काय होतं याचा हा नमुना. फुग्याला शिव्या देणारे अजून हाच अभ्यास काढतात.

बास्केट-स्मॉल २, २०१८. ३ मिमीपेक्षा बारीक नसा, ७५८ पेशंट. इथे आधी साध्या फुग्याने नस उघडली, रिझल्ट चांगला आला त्यांनाच चिठ्ठी टाकून औषधी फुगा किंवा औषधी स्टेंट दिला. वर्षभरात हृदयविकाराने मृत्यू, हार्ट अटॅक किंवा तीच नस परत उघडावी लागणं हे फुगेवाल्यांत ७.५%, स्टेंटवाल्यांत ७.३%. तीन वर्षांनी दोन्हीकडे १५%. बरोबरीच म्हणायची. पण 'रिझल्ट चांगला आला त्यांनाच' हे शब्द फॉरवर्डमध्ये गळतात आणि सगळी गंमत तिथेच आहे.

पिकोलेटो-२, २०२०. नवा पॅक्लिटॅक्सेल फुगा, २३२ पेशंट, सहा महिन्यांनी परत अँजिओग्राफी. नसेची वाट फुगेवाल्यांत सरासरी ०.०४ मिमी कमी झाली, स्टेंटवाल्यांत ०.१७ मिमी. छान आहे, पण हे मापाचे आकडे आहेत, पेशंटला किती बरं वाटलं याचे नव्हेत.

रेक-केजफ्री १, २०२४. चीनमधले २२७२ पेशंट, नसेची साइज कुठलीही. दोन वर्षांत हृदयविकाराने मृत्यू, त्या नसेचा अटॅक किंवा तोच ब्लॉक परत उघडावा लागणं फुग्याच्या गटात ६.४%, स्टेंटच्या गटात ३.४%. फुगा हरला. पण फरक मुख्यतः मोठ्या नसांमधून आला. म्हणून "चीनमध्ये फुगा फेल" हा मेसेज आला तर विचारा, कुठल्या साइजला?

अजून एक, सगळे औषधी फुगे सारखे नसतात. ट्रान्सफॉर्म १ मध्ये बारीक नसांतच पॅक्लिटॅक्सेल फुग्याशी एका सिरोलिमस फुग्याची तुलना केली तर सिरोलिमसवाला बरोबरी दाखवू शकला नाही. तो मापांचा छोटा अभ्यास होता, पण एका कंपनीच्या फुग्याचे आकडे दुसऱ्याला चिकटवायचे नाहीत एवढं त्यातून घ्या.

✔ तपासा: कोणी कुठलाही आकडा दाखवला की तीन प्रश्न. नसेची साइज काय होती? आधी नस तयार केली होती का? कुठला फुगा होता?

## ६. कॅथलॅबमधला क्रम

निर्णय खरा होतो तो इथे, म्हणजे अँजिओप्लास्टी होते त्या खोलीत, टेबलावर, आणि तोही अर्ध्या वाटेत. तुम्हाला काही करायचं नाहीये, पण क्रम माहीत असेल तर नंतर रिपोर्ट वाचता येतो आणि आधी योग्य संमती देता येते.

अ) नायट्रो देऊन साइज मोजायची, जमलं तर आयव्हस-ओसीटी.

आ) साध्या फुग्याने नस उघडायची, फुग्याची साइज नसेच्या मापाएवढी किंवा किंचित कमी. घाबरून खूप छोटा फुगा घेणं ही नेहमीची चूक, मग नस अर्धवट उघडते आणि औषधी फुग्यावर भार येतो जो त्याला पेलत नाही. ब्लॉक कडक असेल तर कापणारा-खरवडणारा फुगा, दगडासारखं कॅल्शियम असेल तर ड्रिल किंवा शॉकवेव्ह (दाबलहरींनी कॅल्शियम फोडणारा फुगा).

इ) थांबायचं आणि बघायचं. तीन गोष्टी: उरलेला ब्लॉक ३०% किंवा कमी आहे का, रक्ताचा वेग पूर्ण आहे का (रिपोर्टमध्ये 'टिमी ३' लिहितात), आणि अस्तर किती फाटलंय. फाटणं तर होणारच, फुग्याने नस उघडते तीच थर फाटून. ए आणि बी प्रकारचं छोटं फाटणं तसंच सोडतात, ते बहुधा भरून येतं. सी किंवा पुढचं, ज्यात रक्त अडू शकतं, तिथे स्टेंट.

ई) तिन्ही पास तर औषधी फुगा. तयार केलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना २-३ मिमी जास्त जाईल एवढी लांबी, कारण साध्या फुग्याने जिथे जखम केली पण औषध पोचलं नाही तिथेच नस परत बुजते. फुगा आत गेला की रेंगाळायचं नाही, रक्तात औषध धुतलं जातं. वरच्या थराला हातही लावायचा नाही. ३० ते ६० सेकंद फुगवायचा, एकदाच.

उ) परत काही मिनिटं थांबायचं, शेवटचं चित्र घ्यायचं. नस आवळली किंवा फाटणं वाढलं तर स्टेंट.

ऊ) तिन्हीपैकी एक जरी नापास असेल आणि परत तयारी करूनही जमलं नाही, तर औषधी स्टेंट. ही हार नव्हे, रेक-केजफ्रीमध्येही फुग्याच्या गटातल्या जवळपास दहातल्या एकाला शेवटी स्टेंट लागलाच.

⚠️ म्हणूनच संमतीच्या कागदावर "फक्त फुगा, स्टेंट नको" असं लिहायला लावू नका. मी एका नातेवाइकाच्या वेळी घरच्यांना हाच हट्ट करताना बघितलंय, डॉक्टरला टेबलावरून बाहेर येऊन परवानगी मागावी लागली आणि तोवर पेशंट आत छाती धरून पडलेला. दोन्हीची संमती आधीच द्या आणि सांगा की नस नीट तयार झाली तर फुगा, नाही झाली तर स्टेंट.

पेशंटला पण सांगून ठेवा: फुगा फुगवलेला असताना छातीत दाब येऊ शकतो, कारण तेवढा वेळ नस बंद असते. घाबरायचं नाही, पण गप्पही राहायचं नाही, सांगायचं. फुगा सैल केला की बहुधा कमी होतो.

## ७. कुठे कोणाकडे झुकायचं

फुग्याकडे झुकायला चांगली कारणं: नस २.७५ मिमीच्या आत, तयारीनंतर रिझल्ट स्वच्छ, रक्तस्रावाचा धोका जास्त, लवकरच ऑपरेशन आहे, फाट्यावरची बाजूची फांदी, लांब पसरलेला ब्लॉक, किंवा आधीच्या स्टेंटच्या आतच परत ब्लॉक झालाय आणि अजून एक थर नको.

स्टेंटवर वाद घालू नये अशा जागा: तयारीनंतर नस परत परत आवळतेय, मोठं फाटलंय, रक्ताचा वेग कमी पडलाय, किंवा नीट मोजल्यावर नस ३ मिमीच्या वर निघाली आणि फुग्यासाठी वेगळं काही कारण नाही.

आणि हो, औषधी फुगा वापरायला हाताला सवय असावी लागते. ज्या टीमला तयारीची आणि थांबून बघायची सवय नाही तिथे हट्टाने फुगा करून घेण्यापेक्षा नीट टाकलेला स्टेंट कधीही बरा.

## ८. गोळ्या: सगळ्यात जास्त चुका इथे

"आत काही नाही ठेवलं, मग गोळ्या कशाला?" असं म्हणून महिन्याभरात सगळंच बंद करणारे लोक आहेत.

स्टेबल पेशंटला औषधी फुग्यानंतर दोन गोळ्या, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, साधारण ४ आठवडे. औषधी स्टेंटनंतर साधारण ६ महिने, रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर १ ते ३ महिन्यांवर आणतात. नंतर एक गोळी चालू राहते. पण अँजिओप्लास्टी हार्ट अटॅकसाठी झाली असेल तर नेहमीचा हिशोब १२ महिन्यांचा, मग फुगा असो की स्टेंट, कारण तिथे गोळी त्या आजारासाठी असते, जाळीसाठी नव्हे. फुग्याने सुरू करून शेवटी स्टेंट लागला तर कॅलेंडर स्टेंटचं. वॉरफरिनसारखी गोळी आधीच चालू असेल तर हे सगळे आकडे बदलतात, तुमचं वेगळं लिहून घ्या.

⚠️ दात काढायचाय, ऑपरेशन आहे, कोणीतरी "पातळ करणारी गोळी थांबवा" म्हणालं, तर हृदयाच्या डॉक्टरला फोन केल्याशिवाय एकही गोळी सोडू नका. ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल स्वतःहून घेऊ नका, क्लोपिडोग्रेलचा परिणाम त्याने कमी होतो, दुसरी गोळी विचारा.

कोलेस्टेरॉलची गोळी या हिशोबात नाहीच, ती चालूच राहते. युरोपच्या गाइडलाइनमध्ये अशा पेशंटसाठी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५५ च्या खाली आणायला सांगतात. फुगा किंवा स्टेंट दोन सेंटिमीटरची दुरुस्ती करतो, बाकीच्या नसा तशाच असतात.

## ९. घरी आल्यावर

डिस्चार्ज कागदात बघा: फुगा की स्टेंट, कुठल्या नसेत, कंपनी, साइज ("२.५ × २०" म्हणजे २.५ मिमी रुंद, २० मिमी लांब), शेवटी टिमी किती, फाटणं राहिलं असेल तर कुठल्या प्रकारचं, आणि दुसरी गोळी कुठल्या तारखेपर्यंत. शेवटची गोष्ट कागदात नसेल तर तिथेच लिहून घ्या. बॉक्सवरचा स्टिकर किंवा कार्ड मिळालं तर फोटो काढून ठेवा. नुसतं "पीटीसीए केली" (म्हणजे अँजिओप्लास्टी केली) एवढंच लिहिलं असेल तर पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही, आणि मी स्वतः असा कागद हातात घेऊन दोन तास फोन करत बसलोय.

औषधी फुग्यानंतरच्या चित्रात नस स्टेंटइतकी गुळगुळीत दिसत नाही, कडेला थोडी खरबरीत, थोडा ब्लॉक उरलेला. ते बघून "काम अर्धवट ठेवलं" म्हणून भांडायला जाऊ नका. काही महिन्यांत बऱ्याच जणांत ती नस आपोआप थोडी रुंद होते, आत जाळी नसल्यामुळे तिला हलायला वाव असतो.

त्रास नसेल तर नुसतं बघायला म्हणून परत अँजिओग्राफी करायची गरज नसते. त्रास परत आला तर तारीख, किती श्रमावर, किती मिनिटं, जिभेखालच्या गोळीने थांबला का, हे लिहून घेऊन जा, आणि पहिला प्रश्न हा विचारा की तीच जागा बुजली की दुसरी. मनगटातून केलं असेल आणि हात सुजला, बोटं गार पडली किंवा निळी झाली तर त्याच दिवशी दाखवा. आणि आराम करताना छातीत दुखायला लागलं, दहा मिनिटांत थांबलं नाही, तर लिहीत बसू नका, अँब्युलन्स.